मगदूम आण्णांचं मागचं दार

दार मोडायला फार ताकद लागत नाही, हे मी गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही. सांगितलं तर त्याला झोप लागायची नाही. पण तीस वर्षं कोल्हापुरात दारं, कड्या आणि कुलपं बसवून मला कळलेली गोष्ट एवढीच.

लोक कुलपाकडं बघतात. चोर कुलपाकडं ढुंकून बघत नाही, तो चौकट बघतो. कडी जिच्यात अडकते ती पट्टी चौकटीवर दोन बारक्या स्क्रूंनी बसवलेली असते आणि चौकट बहुतेक वेळा कच्च्या लाकडाची. पहारेचं टोक फटीत घालून एकदा रेटलं की कडी शाबूत, कुलूप शाबूत, आणि चौकटीचा वीतभर तुकडा उचकटून सुटा. मग गिऱ्हाईक माझ्या दुकानात येतं आणि रडवेल्या आवाजात म्हणतं, "मिस्त्री, कुलूप तर चांगलं हुतं की ओ!" कुलूप चांगलंच असतं. मी मान हलवतो आणि लांब स्क्रू काढतो.

मी मूळचा नांदेडकडचा. शाळा सातवीत सुटली. लिहायची सवय नाही, त्यामुळं काही वेडंवाकडं लिहून कुणाचं नुकसान तर होणार नाही ना, अशी धाकधूक आहे. म्हणून आधीच सांगतो. ज्यांची गोष्ट लिहितोय ते मगदूम आण्णा आता नाहीत. त्यांच्या पत्नीला, म्हणजे अक्कांना, विचारून लिहितोय. त्या म्हणाल्या, "लिही बाबा. मी मेल्यावर कुणीतरी भलतंच सांगंल, त्यापरीस तूच सांग."

आमच्या धंद्यात भीती विकत घ्यायला आलेली माणसं भेटतात. कबनूरचा एक मागवाला होता, पॉवरलूमचे आठ-दहा माग असलेला. खिडकीच्या ग्रिलमध्ये रात्रीचा करंट सोडून दे म्हणाला. मी म्हटलं, "शेठ, पहाटे दूधवाला हात लावंल." तो म्हणाला, "दूधवाल्याला सांगून ठिवतो की!" ते काम मी घेतलं नाही. घेतलं नाही ते कायदा माहीत होता म्हणून नव्हे, त्या दूधवाल्याचा हात डोळ्यांपुढनं हलेना म्हणून. कायदा नंतर कळला.

दुसरे एक रिटायर गृहस्थ. एकटे राहायचे. एकाच दाराला त्यांनी माझ्याकडून वर्षभरात पाच कड्या बसवून घेतल्या. दर महिन्याला पेपरात चोरीची बातमी वाचायचे आणि फोन करायचे. एक दिवस शेजाऱ्यांचा फोन आला, आतून आवाज येत नाही. मी धावलो. मीच बसवलेलं दार मला फोडता येईना. पाऊण तास लागला. आत गेलो तेव्हा ते दाराकडं तोंड करून पडले होते, हात खालच्या कडीपर्यंत पोचलेला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी मिळाले असते तर. त्या दाराचं काम किती पक्कं होतं म्हणून गल्लीतल्या दोघांनी पुढं मला कामं दिली. मी ती केली. नाही म्हणायला पाहिजे होतं, असं अजून वाटतं.

आता आण्णांचं सांगतो.

सतरा वर्षांचा असताना मी हत्याराची पिशवी घेऊन कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो. ओळखीचं कुणी नव्हतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तेव्हा शेड उभ्या राहत होत्या, तिथं चौकटीचं काम मिळेल असं ऐकलं होतं. काम मिळालं, राहायला जागा मिळेना. शेजारच्या गावात मगदूम आण्णांचा म्हशींचा गोठा होता. त्यांनी मला गोठ्याच्या कडेला बसलेलं बघितलं.

"कुठलं पावणं?"

"नांदेडचा."

"एवढ्या लांबनं? जेवलास काय?"

मी जेवलो म्हणालो. त्यांनी अक्कांना हाक मारली आणि म्हणाले, "ह्यो खोटं बोलतोय, ताट वाढ." गोठ्याला लागून पेंडीची खोली होती, ती त्यांनी मला दिली. तिथं मी दोन वर्षं राहिलो. भाड्याचा विषय काढला की ते म्हशीकडं बघून बोलायला लागायचे. पुढं दुकान टाकलं, लग्न झालं, पोरं झाली, तरी त्यांच्या घरातलं दाराखिडकीचं काम दुसऱ्या कुणी केलं नाही. मी करू दिलं नाही.

मगदूम मंडळी जैन. चातुर्मासात संध्याकाळी सगळी गल्ली बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, आरतीला जायची. घरं बंद असायची, आणि हे गावाबाहेरच्या माणसालाही चार दिवसांत कळण्यासारखं होतं. त्या दिवशी अक्कांचा गुडघा धरला म्हणून ते दोघं घरातच राहिले. पुढच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, दिवा लावला नव्हता.

मी दुकान आवरत होतो. अंधार पडत होता. अक्कांचा फोन आला.

"दत्ता, ये बाबा लवकर. घरात चोर शिरला. मागचं दार लागंना झालंय."

"आण्णा कुठं हायत?"

"त्याला घिऊन दवाखान्यात गेल्यात. आण्णांनी काठीनं मारलं त्याला. लई लागलंय."

मी स्कूटर काढली. गेलो तर अक्का स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेल्या, हातात नुसती बॅटरी. शेजारची एक डोळ्यांनी अधू म्हातारी सोबतीला. मागचं दार वाऱ्यानं आपटत होतं. चौकटीचा मधला भाग उचकटून आत वळला होता, पहारेचा चपटा वण लाकडात स्पष्ट उठलेला. पहार तिथंच भिंतीशी पडली होती. बाहेर धुण्याच्या दगडापलीकडं काहीतरी ओलं चमकत होतं. तिकडं मी बघितलं नाही. मला दार दिसलं की दुसरं काही दिसत नाही.

या धंद्यात मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. मोडक्या दाराचं घर रात्रीवर सोडायचं नाही. बाई एकटी असेल तर नाहीच नाही. मी तासाभरात काम केलं. फुटलेला भाग करवतीनं चौकोनी कापून काढला, तिथं नवा सागवानी तुकडा बसवला, लांब स्क्रू मारले, नवी कडी लावली. भुसा झाडून काढला. गिऱ्हाइकाच्या घरात कपचासुद्धा मागं ठेवायचा नाही, हाही माझाच नियम. कापलेलं लाकूड न्हाणीतल्या बंबाशेजारी सरपणात टाकलं. अक्कांनी दोनदा कडी लावून बघितली. म्हणाल्या, "आता जरा धीर आला." मला बरं वाटलं. आण्णांच्या उपकारातलं थोडं फिटलं, असं मनात आलं होतं, ते खोटं का बोलू.

सकाळी अक्कांनी बंब पेटवला आणि ते लाकूड जळालं. नंतर पोलीस पंचनाम्याला आले.

पहार त्यांना मिळाली. पण पहार कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात असते. साहेब मागच्या दाराशी वाकले, बोटानं नवी कडी हलवून बघितली आणि म्हणाले, "हे दार फोडलेलं कुठं हाय? ह्याला ओरखडा न्हाई."

तिसऱ्या दिवशी तो माणूस दवाखान्यात वारला. त्याचं नाव गजानन. एमआयडीसीत एका फौंड्रीत कंत्राटी कामाला होता, काम सुटून दोन महिने झाले होते. गाव कुठलं म्हणून विचारलं, तर नांदेडकडचं, आमच्याच शेजारच्या तालुक्यातलं निघालं. मी त्याला कधी बघितलं नव्हतं. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आण्णांवर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. सरकारी बाजू सरळ होती. दार मोडलेलं नाही, म्हणजे गजानन उघड्या दारानं आला असेल, कदाचित काम मागायला आला असेल. मार डोक्याच्या मागच्या बाजूला आहे आणि तो पडला होता बाहेर, परसात. म्हणजे घराबाहेर, पळणाऱ्या माणसाला मारलं.

आण्णांच्या वकीलबाईंनी मला बसवून कायदा समजावला. मला समजला तसा लिहितो, चूकभूल माफ करा. आपल्या घरात कुणी घुसलं तर त्याला रोखायचा हक्क कायद्यानंच दिलाय, त्यासाठी आधी मार खायला पाहिजे असं नाही. दिवस मावळल्यावर कुणी घर फोडून आत आला, किंवा जिवाची खरीखुरी भीती असली, तर तो हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही जाऊ शकतो. मधे कायद्याचं पुस्तक बदललं, कलमांचे आकडे बदलले, पण गाभा तोच आहे म्हणाल्या. मी त्यांना कबनूरच्या मागवाल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "करंट लावला असता तर तो आत गेला असता आणि बहुतेक तुम्हीही. तारेला चोर कोण आणि दूधवाला कोण हे कळत नाही." मग म्हणाल्या, "रोखायला लागेल तेवढाच मार हा हक्क. चोरानं पाठ फिरवली, घराबाहेर पळाला, की त्यापुढचा मार हा राग. रागाला कायदा नाही, मिस्त्री. म्हणून दार फोडलं होतं हे सिद्ध व्हायलाच पाहिजे. आणि ते तुम्ही बुजवलंत."

एवढी वर्षं ज्या गोष्टीची फुशारकी मारली, तीच आण्णांच्या गळ्याशी आली होती. "मॅडम, मला काय माहीत," म्हणालो. त्या म्हणाल्या, "कुणालाच माहीत नसतं. घर फुटलं की लोक पहिल्यांदा झाडू शोधतात."

खटला उभा राहायला तीन वर्षं गेली. तेवढ्या काळात आण्णा वाळत गेले. अक्का एकदा म्हणाल्या, "म्हशीला बारकी काठी मारत न्हाईत ते. पर ह्यांनी माणूस मारलाय म्हणून आता गडीबी बिचकत्यात."

माझ्या आधी अक्कांची साक्ष झाली. वेळ कोणती, यावर सगळं अडलं होतं. सरकारी वकिलांना माहीत होतं की ही माणसं सूर्यास्ताआधी जेवतात.

"तुमचं जेवण झालं होतं?"

"व्हय."

"म्हणजे सूर्य मावळला नव्हता."

अक्का म्हणाल्या, "जेवलो तवा न्हवता मावळला. मग भांडी घासली, देवापुढं दिवा लावला, गुडघ्याला तेल चोळलं. आमचा घास संपला म्हणून दिवस थांबून ऱ्हातोय व्हय सायेब?"

कोर्टात कुणीतरी हसलं. आण्णा हसले नाहीत. ते पिंजऱ्यात स्वतःच्या हातांकडं बघत उभे होते.

मग माझा नंबर आला. शपथ घेतली. दार कसं मोडलं होतं, तुकडा कुठनं कापला, कडी कुठली लावली, सगळं सांगितलं. सरकारी वकील उठले.

"तुम्ही आरोपीच्या गोठ्यात दोन वर्षं फुकट राहिलात?"

"हो साहेब."

"त्यांनी तुम्हाला जेवू घातलं?"

"हो."

"म्हणजे त्यांचे तुमच्यावर उपकार आहेत."

"आहेत. लई आहेत."

"आणि आज ते फेडायला तुम्ही इथं उभे आहात."

मला वकिली येत नाही. पण जे खरं वाटलं ते तोंडातनं निघून गेलं. "साहेब, उपकार फेडायला मी त्या रात्रीच गेलो होतो. मला कायदा कळत असता तर मोडकं दार तसंच ठेवलं असतं. मी ते नीट केलं, त्यानंच आण्णा इथं उभे आहेत."

न्यायाधीशसाहेबांनी मान वर केली. त्यांनी स्वतः विचारलं, फूट कशी होती. मी हातानं दाखवलं. दार बाहेरनं रेटलं की कपच्या आतल्या बाजूला उठतात, आतनं कुणी मुद्दाम फोडलं तर उलट होतं, आणि पहारेचा वण नेहमी बाहेरच्या कडेला दाबलेला असतो. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. डोक्यामागच्या जखमेबद्दल वकीलबाईंचं म्हणणं होतं की झटापटीत गजानन मागं सरकत बाहेर गेला आणि धुण्याच्या दगडावर पडला. डॉक्टर म्हणाले, असंही होऊ शकतं.

आण्णा निर्दोष सुटले. दार फोडून आत शिरलेल्या माणसाला रोखताना हे झालं, असं कोर्टानं मानलं. सरकार अपिलात गेलं नाही. निकाल ऐकून अक्का माझे दोन्ही हात धरून रडल्या. आण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. ते दोघं गावाकडं गेले. मी चहा प्यायला थांबलो.

फाटकाजवळ झाडाखाली एक म्हातारा बसला होता. डोक्याला टॉवेल, पायाशी प्लास्टिकची पिशवी. मला बघून उठला.

"तुमी आपल्याकडले ना? तितं बोलत व्हते तवाच बोली वळखली मी."

तो गजाननचा बाप होता. माझ्या साक्षीच्या दिवशी तो मागच्या बाकावर होता, मला कळलं नव्हतं. मी म्हणालो, "हौ बाबा." तीस वर्षांनी ते 'हौ' आपोआप तोंडात आलं.

"मंग एक सांगा. कोर्टात सांगावं लागतं ते ऱ्हाऊ द्या. लेकरानं दार मोडेल व्हतं का?"

शपथेवर बोलताना एवढं जड गेलं नव्हतं. "मोडेल व्हतं, बाबा. मी डोळ्यानं बघितलं."

त्यानं मान हलवली. रागावला नाही. "गावात सांगत व्हतो, काम मागाया गेला आसल म्हून," म्हणाला. मग डोक्याचा टॉवेल सोडून हातात घेतला. "मला ते दार दाखवता का? लेकरू कुठं पडलं, ते तरी बघून जातो."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं का, माहीत नाही. मी त्याला स्कूटरवर मागं बसवलं.

आण्णा सोप्यात बसले होते. मी म्हणालो, "आण्णा, हे गजाननचे वडील." आण्णा उठले. अक्का आतनं तांब्या घेऊन आल्या, त्यानं पाणी घेतलं. मग आण्णाच पुढं झाले आणि त्याला मागच्या दारापाशी घेऊन गेले. म्हाताऱ्यानं चौकटीवरून हात फिरवला. जुन्या लाकडातला नवा तुकडा त्याच्या बोटाला लागला.

"हे नवं हाय."

"व्हय," मी म्हणालो. "मी बसवलं."

तो बाहेर गेला. परसात दोरीवर धुणं वाळत होतं, अलीकडं धुण्याचा दगड. "या दगडावर पडलं म्हने," तो म्हणाला. "मी आंघोळ घातली त्याला. जखम लई खोल व्हती."

मग आण्णा म्हणाले, "न्हाई."

अक्का म्हणाल्या, "अवो."

"न्हाई," आण्णा म्हणाले. "दगडावर न्हाई पडला त्यो. पयला टोला आत बसला, खांद्यावर. त्यानं पहार टाकली आणि पळाला. मी मागनं आलो. दुसरा टोला हितं मारला. ह्या दोरीपशी."

"पाठमोरा व्हता?"

"व्हय."

म्हाताऱ्यानं दगडाकडं बघितलं, मग दोरीकडं. मधे चार पावलांचं अंतर होतं. दोरीच्या पलीकडं कुंपण नव्हतं, ऊस होता.

"पळत व्हता ना?" तो म्हणाला. "मंग पळू द्यायचं व्हतं, मालक."

ओरडून नाही, शिवी नाही. एखाद्याला शेतातलं काही सांगावं तसं. आण्णांनी मान हलवली. "व्हय," म्हणाले. "द्याया पायजे हुतं."

मी चौकटीला धरून उभा होतो. कोर्टात मी जे बोललो त्यातला एक शब्द खोटा नव्हता. दार मोडलेलं होतं. त्याच्या पलीकडं काय झालं ते मी बघितलं नव्हतं आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. त्यानंतर कित्येक महिने दुकानासमोर पोलिसांची गाडी थांबली की मी हातातली करवत खाली ठेवायचो. मी कुणाला सांगायला पाहिजे होतं का, आणि सांगून कुणाचं काय परत आलं असतं, हे मला आजही ठरवता येत नाही. शिकलेल्या माणसाला येत असेल.

मी म्हाताऱ्याला म्हणालो, चला, स्टँडवर सोडतो. आण्णा म्हणाले, "तू ऱ्हा. मी सोडतो." त्यांनी गाडी बाहेर काढली. म्हातारा पिशवी मांडीवर घेऊन पुढं, आण्णांच्या शेजारी बसला. गाडी एमआयडीसीच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो.

आण्णा तीन तासांनी परत आले. अक्कांनी विचारलं, काय बोलला ओ त्यो. आण्णा पायातलं काढून पायरीवर बसले.

"नांदेडची गाडी मिळाली त्यास्नी," म्हणाले.